'डूलॅली' आणि देवळाली : अर्थ आणि मूळ सांगताना या चुका टाळा

ब्रिटिश इंग्रजीत एखादा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा विचित्र वागू लागला, की तो 'डूलॅली' झाला असे म्हणतात. हा बोलीतला शब्द आहे. इंग्लंडमध्ये तो आजही घराघरांत ऐकू येतो, अमेरिकेत मात्र बहुतेकांना तो ठाऊक नसतो. या शब्दाचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे, हे आता अनेक मराठी वाचकांच्या कानावर गेलेले असते आणि तेवढी माहिती बरोबरही आहे. घोळ होतो तो त्यापुढे. देवळालीचा आणि डोके बिघडण्याचा संबंध काय, हे सांगताना जो तो आपापल्या परीने एक कथा रचतो, ती कथा प्रश्नमंजूषेत आणि भाषणांत शिरते, आणि काही वर्षांनी कोणी विचारलेच तर 'सगळीकडे असेच दिलेले आहे' हाच तिचा आधार होऊन बसतो. या शब्दामागचा खरा इतिहास अशा कथांपेक्षा कितीतरी अधिक माणसांचा आणि अधिक करुण आहे, म्हणून तो नीट सांगितला गेला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते, म्हणून हा शब्द आला असे समजणे

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे आणि मराठी माणसाकडून ती होणे अगदी साहजिक आहे. 'याला आता ठाण्याला न्यायला हवे' किंवा 'येरवड्याला पाठवा' असे आपण सर्रास म्हणत आलो आहोत, कारण या दोन्ही ठिकाणी मनोरुग्णालये आहेत. हिंदीत तेच काम आग्रा आणि रांची ही नावे करतात. इंग्रजीतही याचे जुने उदाहरण आहे. लंडनमध्ये १२४७ साली स्थापन झालेल्या बेथलेहेम या धर्मस्थळाचे पुढे मनोरुग्णालय झाले आणि त्याच्या नावाच्या अपभ्रंशातून गोंधळ, कल्लोळ या अर्थाचा 'बेडलम' हा शब्द तयार झाला. इतकी उदाहरणे हाताशी असल्यावर देवळालीलाही त्याच माळेत ओवण्याचा मोह होतो.

या समजुतीला खतपाणी घातले आहे ते एका चुकीच्या भाषांतराने. इंग्रजी शब्दकोशांत 'डूलॅली'च्या नोंदीत, देवळाली येथे लष्करी सॅनेटोरियम आणि संक्रमण छावणी होती, असे दिलेले आढळते. घाईघाईने भाषांतर करणारा सॅनेटोरियमचे 'वेड्यांचे इस्पितळ' करून मोकळा होतो. सॅनेटोरियम म्हणजे काय, हे खरे तर मराठी वाचकाला कोणी सांगायला नको. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरोग्यांचे सॅनेटोरियम आपल्याला ठाऊक आहे. खुद्द देवळालीत पारशी आणि गुजराती समाजांनी बांधलेली सॅनेटोरियमे आहेत आणि मुंबईची दमट हवा सोसत नसलेली कुटुंबे हवापालटासाठी तेथे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. घाटमाथ्यापलीकडची, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरची ती कोरडी हवा प्रकृतीला मानवते, हेच गोऱ्या सैनिकांसाठी ही जागा निवडण्याचेही एक कारण होते. आजारातून उठलेल्या माणसाला अंगात ताकद भरून येईपर्यंत ठेवायचे ठिकाण आणि मनोरुग्णालय या दोन संस्था सर्वस्वी वेगळ्या आहेत.

एवढ्या मोठ्या छावणीच्या रुग्णालयात नाना प्रकारचे रुग्ण येत असणार, हे उघड आहे. तरीही हा वाक्प्रचार कशामुळे पडला असावा, याविषयी सैनिकांनी जे लिहून ठेवले आहे ते रुग्णालयाकडे बोट दाखवत नाही. ते छावणीतल्या दिनक्रमाकडे बोट दाखवते.

छावणीचे काम काय होते, हे न पाहता अर्थ लावणे

शब्दाचे मूळ शोधताना नकाशावर गाव सापडले की शोध संपला, असे अनेकांना वाटते. त्या गावात नेमके काय घडत होते, ते घडवणारी व्यवस्था कोणती होती, हे पाहिल्याशिवाय अर्थाचा धागा मात्र लागत नाही.

१८६५ साली थळघाटातून, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो त्यातून, लोहमार्ग वर चढला आणि मुंबई बंदर व नाशिककडचे पठार थेट जोडले गेले. इंग्लंडहून बोटीने आलेल्या पलटणी मुंबईला उतरत, देवळालीला येऊन थोडा विसावा घेत आणि तेथून देशभरातल्या छावण्यांकडे पांगत. हिंदुस्थानातली नोकरी संपवून परत निघालेले सैनिक उलट दिशेने याच ठिकाणी गोळा होत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर हा प्रवास बराच लहान झाला. 'मलबार', 'जमना', 'सेरापिस', 'क्रोकोडाइल' आणि 'युफ्रेटिस' या पाच मोठ्या बोटी तर खास हिंदुस्थानच्या सैन्यवाहतुकीसाठीच बांधलेल्या होत्या.

याच सुमारास सैन्यभरतीचे नियमही बदलले. १८७० साली ब्रिटनमध्ये अल्पमुदतीच्या भरतीचा कायदा झाला. त्याआधीचा सैनिक उमेदीचे सगळे आयुष्य पलटणीत काढत असे. नव्या पद्धतीत बारा वर्षांच्या करारातली सुरुवातीची काही वर्षे प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली राखीव दलात, अशी विभागणी झाली. परिणामी दरवर्षी मुदत संपलेल्या सैनिकांची मोठी संख्या मायदेशी परत पाठवावी लागू लागली. या सैनिकांना इंग्रजीत 'टाइम-एक्स्पायर्ड' म्हणत, आणि आपल्या शब्दाची नाळ त्यांच्याशी जुळलेली आहे.

सैनिकांची वाहतूक वर्षभर चालत नसे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत अरबी समुद्र खवळलेला असतो आणि उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातला उकाडा बोटीच्या खालच्या मजल्यांवर दाटीवाटीने भरलेल्या माणसांना जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे साधारण ऑक्टोबर ते मार्च हाच या बोटींचा हंगाम असे. ज्याची मुदत हंगामाच्या मध्यावर संपली तो सुटला. ज्याची मुदत शेवटची बोट गेल्यावर संपली, त्याला पुढच्या ऑक्टोबरपर्यंत हिंदुस्थानातच दिवस काढावे लागत. एप्रिल-मेचे ऊन, मग नाशिक-इगतपुरीकडचा तो संततधार पाऊस, आणि डोळ्यांपुढे सतत घर.

देवळालीत थांबलेल्या या माणसाची अवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. त्याची बंदूक आणि साजसरंजाम काढून घेतलेला असे. ज्या पलटणीत त्याने इतकी वर्षे काढली, ती शेकडो मैल दूर राहिलेली असे, आणि आजूबाजूला असत ते निरनिराळ्या पलटणींतून आलेले, त्याच्यासारखेच वाट पाहणारे अनोळखी लोक. अधूनमधून सामानाची तपासणी आणि क्वचित एखादी लांबची कूच एवढेच काम उरे. सकाळी बिगुल वाजला तरी उठून करायचे काय, हा प्रश्न सुटत नसे. आयुष्यभर शिस्तीच्या चौकटीत वावरलेल्या माणसाची ती चौकटच काढून घेतली आणि त्याच्या हाती नुसता वेळ दिला, तर काय होईल, याचे उत्तर तेथे मिळत होते. कोणी दारूत बुडे, कोणी मारामाऱ्या करी, आणि ज्याच्या सेवापुस्तकावर एकही डाग नाही असा सैनिकही घरी जाण्याच्या तोंडावर शिक्षा ओढवून घेई.

हे वर्णन मी कल्पनेने केलेले नाही. रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स या पलटणीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान व ब्रह्मदेशात साधा शिपाई म्हणून काम केलेले फ्रँक रिचर्ड्‌स यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींत ते केले आहे. विचित्र वागणाऱ्या माणसाविषयी सैनिक 'त्याला डूलॅली टॅप झालाय' असे म्हणत, हे नोंदवून रिचर्ड्‌स यांनी त्याचे मूळ देवळालीतल्या कंटाळ्यामुळे माणसे ज्या तऱ्हेने वागत त्यात असावे, असे लिहिले आहे. येथे 'असावे' हा शब्द फार मोलाचा आहे. त्यांनी हे 'मला वाटते' असे म्हणून सांगितले आहे. आपल्याकडे हे वाक्य उतरवताना 'मला वाटते' गळून पडते आणि अंदाजाला निर्णयाचे रूप येते. प्रत्यक्षदर्शी माणसाचा अंदाज म्हणून त्याचे वजन मोठे आहेच. ते अंदाज म्हणूनच उद्धृत केले तर त्या वजनात काही कमी होत नाही.

'टॅप'चा अर्थ इंग्रजीत शोधणे

आज रूढ असलेला 'डूलॅली' हा मूळ वाक्प्रचाराचा निम्मा तुकडा आहे. पूर्ण वाक्प्रचार 'डूलॅली टॅप' असा होता. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकी बोलीतले शब्द गोळा करण्याचे काम ब्रिटनमध्ये झपाट्याने झाले आणि १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेझर व गिबन्स यांच्या शब्दसंग्रहात तो सापडतो. त्याआधीची कित्येक वर्षे तो बराकींमध्ये तोंडी वावरत असणार, कारण अशी बोली छापली जायला वेळ लागतो. म्हणूनच 'हा शब्द १९२५ साली तयार झाला' असे लिहिणे चूक आहे. छापील नोंदीचे वर्ष आणि शब्दाच्या जन्माचे वर्ष यांत अंतर असतेच.

'टॅप' या शब्दाचा इंग्रजी अर्थ टिचकी किंवा थाप असा असल्यामुळे, डोक्यावर टपली बसून माणूस बिघडला, असे स्पष्टीकरण काही जण देतात. दुसरे काही जण पाण्याच्या नळापर्यंत पोहोचतात. खरे तर हा शब्द हिंदुस्थानीतला 'तप' आहे. फारसीतून उर्दूत आलेल्या या शब्दाचा अर्थ ज्वर. देवळालीचा ज्वर, असा तो साधासरळ वाक्प्रचार आहे.

मराठी वाचक येथे लगेच म्हणेल की हा तर आपला 'ताप'. नाते आहे, पण ते सांगताना जपून सांगायला हवे. फारसी शब्द आणि संस्कृत 'तप्' धातू हे एकाच प्राचीन मुळाचे वंशज आहेत. तेच मूळ युरोपातही पोहोचले असून कोमट या अर्थाचा इंग्रजी 'टेपिड' हा शब्द लॅटिनमार्गे त्यातूनच आलेला आहे. म्हणजे मराठी 'ताप' आणि सैनिकांचा 'टॅप' हे चुलत भाऊ ठरतात. गोऱ्या सैनिकाने हा शब्द देवळालीच्या बाजारात मराठी माणसाकडून उचलला, असे म्हणायला मात्र आधार नाही. त्याची कामचलाऊ बोली हिंदुस्थानी होती, मग तो पेशावरला असो वा पुण्याला. 'डोक्याला ताप' हा आपला वाक्प्रचार अर्थाने इतका जवळ येतो की त्याचाच हा इंग्रजी अवतार असे कोणालाही वाटावे. तो योगायोग आहे.

आणखी एक चूक ज्वराचा शब्दशः अर्थ घेण्यातून होते. देवळालीत हिवतापाची साथ होती, त्या तापात माणसे बरळत, म्हणून शब्द आला, असे सांगितले जाते. हिवताप त्या काळी छावण्यांमधून होताच, पण आरोग्यदायी हवेसाठी निवडलेल्या ठिकाणाचेच नाव तापाला का पडावे, याचे उत्तर हे स्पष्टीकरण देत नाही. शिवाय हा वाक्प्रचार अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी वापरला गेलेला नाही. हिंडत्या-फिरत्या, पण तऱ्हेवाईक वागणाऱ्या माणसासाठी तो होता. मूळ सुचवताना शब्द कोणाबद्दल वापरला जाई हे तपासले, तर अशा बऱ्याच कथा तेथल्या तेथे गळून पडतात.

अभिमानाच्या भरात मूळ ठरवणे

देवळाली आपली, म्हणून शब्दही मराठी, असे म्हणण्याची घाई करू नये. गावाचे नाव मराठी, जोडीचा शब्द हिंदुस्थानी, आणि वाक्प्रचार घडवणारे तोंड इंग्रज सैनिकाचे, असा हा तिहेरी संयोग आहे. मराठीतून खरोखर इंग्रजीत गेलेला शब्द हवा असेल तर 'मंगूस' पाहावा. आपले मुंगूस सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या वाटेने इंग्रजीत पोहोचले आणि जगभरच्या इंग्रजी कोशांत त्याचे मूळ मराठी म्हणून दिले जाते. हे पुराव्यानिशी सांगता येते, म्हणूनच त्याचा अभिमान टिकाऊ आहे.

नुसत्या ध्वनिसाम्यावर भरवसा ठेवला तर काय होते, याचे चांगले उदाहरण म्हणजे 'चिट' आणि 'चीट'. चिठोरा या अर्थाचा इंग्रजी 'चिट' आपल्या चिठ्ठीपासून आलेला आहे. फसवणूक या अर्थाचा 'चीट' कानाला जवळपास तसाच लागतो, पण तो बेवारस मालमत्ता सरकारजमा करण्यासंबंधीच्या 'एस्चीट' या जुन्या कायदेशीर शब्दाचा संक्षेप आहे आणि चिठ्ठीशी त्याचे काही नाते नाही. कान दोन्हींना सारखेच फसतो. कागदपत्रे फसत नाहीत.

हिंदुस्थानच्या जलप्रवासाशी जोडलेली एक फार लाडकी कथाही येथे सांगायला हवी. उच्चभ्रू या अर्थाचा 'पॉश' हा शब्द, जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची सावलीतली खोली, अशा चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला आणि तो श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटांवर उमटवलेला असे, असे सांगतात. असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही, आणि त्या काळात आद्याक्षरांपासून शब्द बनवण्याची चाल इंग्रजीत रुळलेलीही नव्हती. आद्याक्षरांची फोड देणारे कोणतेही मूळ, शब्द जुना असेल तर, आधी संशयानेच वाचावे.

दोन देवळाल्या आणि एक दूरचित्रवाणी मालिका

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा नावाचे गाव आहे. नावाच्या सारखेपणामुळे कधीकधी या शब्दाचे श्रेय त्या गावाला दिले जाते. आपल्या शब्दाची देवळाली नाशिक जिल्ह्यातली, नाशिक रोडच्या अलीकडची, 'देवळाली कॅम्प' म्हणून ओळखली जाणारी. भारतीय सेनेचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र तेथे आहे आणि गावाची लष्करी ओळख आजही तशीच आहे.

बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात एक विनोदी मालिका चालली. तिच्या सुरुवातीच्या भागांचे कथानक दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या देवळालीत घडते. त्या मालिकेमुळे ब्रिटनमध्ये गावाचे नाव पुन्हा घरोघरी गेले, हे खरे. शब्द मात्र त्या मालिकेने दिलेला नाही, तिच्या आधीची सुमारे पन्नास वर्षे तो छापील स्वरूपात होता.

उच्चार, वर्णलेखन आणि मराठीत आणताना होणाऱ्या चुका

इंग्रजीत या शब्दाची अक्षरे डी, ओ, ओ, एल, ए, एल, एल, वाय अशी आहेत. तो विशेषण म्हणून वापरला जात असल्याने पहिले अक्षर मोठे लिहीत नाहीत. आपण गावाचे स्पेलिंग आणि शब्दाचे स्पेलिंग यांची गल्लत करतो, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो 'देवलाली' असा वाचला जाईल अशा रीतीने लिहितो. उच्चारात आघात दुसऱ्या अवयवावर आहे, डू-लॅ-ली. देवनागरीत 'दुलाली' किंवा 'डुलाली' लिहिल्याने वाचणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो, तेव्हा 'डूलॅली' हेच रूप ठेवावे. आपल्या देवळालीतला 'ळ' इंग्रजांच्या जिभेवर कधी बसला नाही, 'देव'चा 'डू' झाला आणि उरलेले नाव त्यांनी आपल्या सोयीने गोल करून घेतले.

वाक्यातली जागाही महत्त्वाची आहे. 'ही हॅज गॉन डूलॅली' असे म्हणतात, पण 'डूलॅली माणूस' अशी रचना इंग्रजांच्या कानाला खटकते. शब्द नामाच्या आधी न येता बहुधा क्रियापदानंतर येतो. त्याची जागा घरगुती गप्पांत आहे, अर्जात किंवा वैद्यकीय अहवालात तो येत नाही. 'डूलॅली टॅप' हे कोणत्याही काळी अधिकृत निदान नव्हते, त्यामुळे त्या नावाचा मनोविकार होता असे लिहिणेही टाळावे. खरोखरच्या मनोरुग्णासाठी तर तो मुळीच वापरू नये. त्यात आपुलकीची छटा असली तरी आजारी माणसाच्या वाट्याला आल्यावर ती छटा उरत नाही, फक्त टिंगल उरते.

मराठी प्रतिशब्द निवडताना 'वेडा' हा पहिला शब्द सुचतो आणि तो बहुतेक वेळा जड होतो. 'भ्रमिष्ट' त्याहून गंभीर आहे. 'डोके फिरणे' यात रागाचा भाव डोकावतो आणि डूलॅलीत राग नाही. माझ्या मते 'चळणे' हे क्रियापद सर्वांत जवळचे आहे. 'म्हातारा चळलाय' या वाक्यात जी तऱ्हेवाईकपणाची, काहीशी तात्पुरती आणि घरच्याच माणसाने म्हणावी अशी छटा आहे, ती मूळ शब्दातही आहे. तरुण पात्राच्या तोंडी 'येडा झालायस का' हे अधिक स्वाभाविक वाटेल. इंग्रजीत बिघडलेल्या यंत्रालाही डूलॅली म्हणतात. तेथे 'चळणे' चालणार नाही, 'संगणक सकाळपासून वेड्यासारखे करतोय' हेच आपल्याकडचे बोलणे आहे. आणि कथा जर देवळालीतल्या त्या वाट पाहणाऱ्या शिपायाचीच असेल, तर प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत न पडता मूळ वाक्प्रचाराचीच मोकळी फोड करावी : 'देवळालीचा ताप चढलाय त्याला, बोट लागेपर्यंत उतरायचा नाही.'